मंडळीत काम वाटून घ्यायचं कसं आणि मदत मागायची कशी

चर्चमधली उपासना संपते, दारापाशी हस्तांदोलन होतं, आणि ज्यांच्या घरी आजारपण आहे त्यांना जाता जाता चार-पाच जण म्हणतात, “काही लागलं तर नक्की सांगा हं.” सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. ऐकणाराही “हो, हो” म्हणतो. पुढे काहीच घडत नाही. गरज असलेल्याला काय मागावं, कुणाकडे मागावं, किती वेळा मागावं हे उमगत नाही, आणि द्यायला तयार असलेला फोनची वाट पाहत राहतो.

त्याच मंडळीत, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांत, एक जण दर रविवारी सर्वांच्या आधी येऊन कुलूप उघडतो, खुर्च्या मांडतो, माइक लावतो, उपासनेनंतर अर्पण, म्हणजे जमलेलं दान, मोजतो आणि सगळे गेल्यावर दिवे मालवतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. तो करतो म्हणून बाकीचे करत नाहीत, आणि बाकीचे करत नाहीत म्हणून तो करतो.

मंडळीच्या कारभारात मी बरीच वर्षं काढली आहेत. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे असं माझं ठाम मत झालं आहे: आपण मोघम मागतो आणि मोघम देऊ करतो. कामाला नाव, माप आणि शेवटची तारीख मिळाली की माणसं पुढे येतात. हे कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी कामं कागदावर आणा

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला भेटायला त्याचा सासरा इथ्रो येतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसलेला आणि लोक रांगेत ताटकळत उभे. इथ्रो आधी दिवसभर नुसतं बघतो, मग विचारतो: तू एकटाच का बसतोस? अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग तो हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगतो. मोठी प्रकरणं मोशेकडे, लहान त्यांच्याकडे.

यात मला नेहमी दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. इथ्रो मिद्यानाचा याजक होता, बाहेरचा माणूस. आतल्यांना ती रांग रोजची झाली होती, म्हणून ती त्यांना दिसत नव्हती. आणि त्याने आधी पाहिलं, मग सांगितलं. तेव्हा एखाद्या नव्या सभासदाला किंवा दुसऱ्या मंडळीतल्या विश्वासू व्यक्तीला एक रविवार पूर्ण वेळ आपल्याकडे बसायला बोलवा. कोण कुठे धावतंय ते त्यांना टिपू द्या.

मग एक वही घ्या आणि प्रत्येक कामासाठी चार गोष्टी लिहा: काम काय, सध्या कोण करतं, महिन्याला अंदाजे किती तास लागतात, आणि हे काम आणखी कुणाला येतं. चौथा रकाना सगळ्यात बोलका असतो. तो रिकामा असेल तर ते काम एका माणसाच्या तब्येतीवर टांगलेलं आहे असं समजा.

न दिसणारी कामं विसरू नका. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीची, भांडी कोण धुतं? तीन रविवार न आलेल्याला फोन कोण करतं? चाव्या कुणाकडे असतात? नव्या माणसाच्या शेजारी कोण बसतं? प्रवचन, गाणी, संडे स्कूल ही कामं सगळ्यांना आठवतात. वही भरते ती या बाकीच्यांनी. यादी झाली की ती करणाऱ्यांनाच दाखवा. बहुतेक वेळा ते स्वतःच आणखी दहा ओळी जोडतात, आणि कुणीतरी आपलं काम लिहून घेतलं यानेच काहींचे डोळे भरून येतात.

यादीतली सगळीच कामं वाटायची नसतात. काही बंद करायची असतात. एखादा कार्यक्रम केवळ पूर्वापार चालत आलाय म्हणून चालू असेल आणि त्यासाठी हातच उरले नसतील, तर तो वर्षभर थांबवून बघा.

काम देताना अधिकारही द्या

बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ६. यरुशलेमातल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ती दडपली नाही, आणि स्वतः वाटपाला जाऊन उभेही राहिले नाहीत. त्यांनी मंडळीला सांगितलं, तुमच्यातून सात माणसं निवडा. निवडले गेलेले स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती, त्या गटाला जवळच्या माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं. प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. नंतर वाटपाचा हिशोब ते रोज तपासत बसले, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आपल्याकडे बहुतेकदा उलट होतं. काम देतो, पण प्रत्येक निर्णय पुन्हा आपल्याकडेच आणायला लावतो. फुलं कोणती ठेवायची यासाठीही ज्याला तीन जणांना विचारावं लागतं, तो दुसऱ्या वर्षी ते काम घेत नाही.

काम सोपवताना अर्धा तास बसून हे ठरवा: तू स्वतः काय ठरवू शकतोस, किती खर्च न विचारता करू शकतोस, कोणत्या गोष्टीसाठी मला विचारायचं, आणि हे काम कधीपर्यंत तुझ्याकडे आहे. मुदत सांगायलाच हवी. सहा महिने किंवा एक वर्ष. मुदत नसलेली जबाबदारी लोकांना जन्मठेप वाटते, म्हणून ते सुरुवातीलाच नको म्हणतात. १ तीमथ्य या बायबलमधल्या पत्रात (३:१०) मंडळीच्या सेवकांची (डीकनांची) आधी पारख व्हावी असं सांगितलं आहे. तीन महिन्यांचा सरावाचा काळ ठेवला की ती दोन्ही बाजूंनी होते. पहिला महिना शिकणाऱ्याने फक्त सोबत राहायचं, दुसऱ्यात दोघांनी मिळून करायचं, तिसऱ्यात त्याने करायचं आणि जुन्याने मागच्या बाकावर बसायचं.

मागच्या बाकावर बसणं सगळ्यात कठीण. नवा माणूस खुर्च्या वेगळ्या मांडेल, गाण्याचा क्रम बदलेल. उठू नका.

“कुणीतरी पुढे या” असं म्हणू नका

व्यासपीठावरून केलेल्या आवाहनाला बहुधा तेच हात वर होतात, जे आधीच दमलेले असतात. बाकीच्यांना वाटतं, हे माझ्यासाठी नाही. म्हणून एकेकाला समोरासमोर विचारा, आणि याच व्यक्तीला का विचारताय ते सांगा. उदाहरणार्थ: “मुलं तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात हे मी पाहिलंय. संडे स्कूलच्या मोठ्या वर्गाला महिन्यातून दोन रविवार शिकवाल का? डिसेंबरपर्यंतच. पहिले चार तास मी बरोबर असेन. आत्ता उत्तर नको, पुढच्या रविवारी सांगा. नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही.”

यातलं शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. “देवाचं काम आहे, नाही कसं म्हणता?” हे वाक्य मंडळीतून कायमचं हद्दपार व्हावं असं मला मनापासून वाटतं. त्या दडपणाखाली मिळालेला होकार दोन महिन्यांत विरतो, आणि ते माणूस रविवारी तोंड चुकवू लागतं. आपण एक मदतनीस आणि एक सभासद दोन्ही गमावतो.

नकाराचं काय करावं हे बायबलमधल्या नहेम्या या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातून शिकावं. नहेम्याच्या देखरेखीखाली यरुशलेमाचा कोट बांधणाऱ्यांची ती लांबलचक यादी आहे. त्यात सोनार आहेत, अत्तरं करणारे आहेत, शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत, आणि अनेकांना आपापल्या घरासमोरचाच भाग दिलेला आहे. तकोवा गावच्या सरदारांनी मात्र कामाला हातभार लावायला नकार दिला. नहेम्याने त्यावर एक वाक्य लिहिलं आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. कोट ५२ दिवसांत पुरा झाला. आणि ज्या गावच्या सरदारांनी पाठ फिरवली, त्याच गावच्या साध्या माणसांनी आपला भाग संपवून आणखी एक भाग बांधला. घरासमोरचा भाग देण्यातलं शहाणपणही घ्या: जिथे माणसाचं मन आधीच गुंतलेलं आहे, तिथलंच काम त्याला आधी विचारा.

आता मागणाऱ्याच्या बाजूने

हा भाग मी सगळ्यात जास्त काळजीने लिहितोय, कारण काम वाटून घेणारी मंडळी सापडते, पण स्वतःसाठी मदत मागणारा विश्वासी विरळाच. घर उघडं पडेल ही भीती असते. मिंधेपण नको असतं. आणि एक खास आपल्यातलाच अडसर: “मदत मागितली तर माझा विश्वास कमी पडला असं होईल.”

या तिसऱ्यावर थोडं थांबू या. गेथशेमाने बागेत येशूने आपले शिष्य पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं, माझा जीव मरणप्राय दुःखी झाला आहे असं त्यांना सरळ सांगितलं, आणि माझ्याबरोबर जागे राहा अशी विनंती केली. ते झोपले. त्याने पुन्हा येऊन पाहिलं. शोमरोन प्रांतातल्या एका अनोळखी स्त्रीकडे त्याने प्यायला पाणी मागितलं. प्रेषित पौल कैदेतून आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो (२ तीमथ्य ४): लवकर ये, मार्काला घेऊन ये, त्रोवसात कार्पाकडे ठेवलेला झगा आण, पुस्तकं आण, आणि हिवाळ्यापूर्वी ये. मदत कशी मागावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. कोण, काय, कुठून आणि कधीपर्यंत, सगळं त्यात आहे. याकोबाच्या पत्रात (५:१४) तर आजारी माणसानेच मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना, बोलवावं असं म्हटलं आहे. म्हणजे पहिलं पाऊल त्याचं. “इतके दिवस आजारी आहे, कुणी फिरकलंही नाही” असं म्हणण्याआधी, आपण कळवलं होतं का, हे एकदा स्वतःला विचारावं. हे मी कुणाला दोष द्यायला म्हणत नाही. वडिलांना खरंच कळलेलं नसतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

मागायचं कसं? सुरुवात पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायापासून करा. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा असं आहे, आणि पाचव्यात प्रत्येकाने आपापला भार वाहावा असं. विरोधाभास वाटतो, पण मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे चिरडून टाकणारं वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे प्रत्येकाने आपल्या पाठीवर न्यायचं गाठोडं. कागदाचे दोन भाग करा. एका बाजूला गाठोडं: जे दमत का होईना, मी करू शकतो. दुसऱ्या बाजूला ओझं: जे एकट्याने उचललं तर मी मोडेन. दुसऱ्या बाजूचंच मागा. हा कागद बनला की मिंधेपण बरंच उतरतं, कारण आपण आळसाने मागत नाही हे स्वतःलाच दिसतं.

मग एक विश्वासू माणूस निवडा, जो तुमच्या वतीने बोलेल. दवाखान्याच्या धावपळीत पंधरा फोनना तेच तेच सांगणं हा स्वतःच एक छळ असतो. त्याला चार गोष्टी लिहून द्या: काय हवं, कधी, किती दिवस, आणि काय नको. “काय नको” हे लिहायला लाजू नका. “आई संध्याकाळी झोपते, तेव्हा भेटायला येऊ नका. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दोन तास कुणी तिच्याजवळ बसलं तर मला बाहेरची कामं करता येतील. हे पुढचे चार आठवडे.” अशा निरोपाला हो म्हणणं सोपं असतं, आणि जमत नसेल तर नाही म्हणणंही.

पैशाची अडचण, दारूची सवय, नवरा-बायकोतला ताण अशा गोष्टींसाठी सगळ्यांना कळवायची गरज नाही. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) किंवा एखादे वडील यांच्याशी बोला, आणि बोलण्याआधीच विचारा: “हे तुमच्याजवळच राहील ना?” इथे मंडळीच्या बाजूने एक नियम कडक पाळावा लागतो. प्रार्थनासभेत किंवा ग्रुपवर कुणाचंही नाव आणि अडचण त्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय सांगायची नाही. “प्रार्थनेसाठीच तर सांगितलं” ही सबब चालत नाही. प्रार्थनेच्या नावाखाली एकदा बोभाटा झाला, की त्या मंडळीत पुढची कित्येक वर्षं कुणी तोंड उघडत नाही. परवानगी विचारताना शब्दही विचारा: “ग्रुपवर नेमकं काय लिहू?”

मदतीची पाळी लावा

१६१७ साली फ्रान्समधल्या शातियों गावात व्हिन्सेंट द पॉल नावाच्या पाळकाने, एक अख्खं कुटुंब आजारी आहे असं उपासनेत सांगितलं. त्याच दिवशी माणसांची रीघ लागली, हातात अन्न घेऊन. व्हिन्सेंटच्या लक्षात आलं की आज या घरात इतकं आलंय की बरंचसं वाया जाईल, आणि थोड्याच दिवसांत घर पुन्हा उपाशी असेल. प्रेम भरपूर होतं, पण त्याला घडी नव्हती. त्याच वर्षी त्याने तिथल्या स्त्रियांचा गट बांधला आणि आजाऱ्यांची सेवा दिवस ठरवून, पाळीपाळीने सुरू केली.

चारशे वर्षांनंतरही आपलं हेच होतं. पहिल्या आठवड्यात गर्दी, तिसऱ्या महिन्यात शुकशुकाट. दीर्घ आजार, बाळंतपण किंवा घरातलं मरण असेल तर सुरुवातीलाच निम्मे हात राखून ठेवा. एक समन्वयक नेमा, जो त्या घरातला नसेल. तक्त्यावर दिवस, वेळ, कुणाची पाळी, आणि ऐनवेळी जमलं नाही तर कोण, एवढंच पुरे. महिन्याने त्या घरी विचारा: काय थांबवू, काय वाढवू? मरणानंतरचा पहिला सण आणि वर्षदिन तक्त्यात आधीच लिहून ठेवा. त्या दिवशी आलेला एक फोन, पहिल्या आठवड्यातल्या वीस फोनपेक्षा जास्त लक्षात राहतो.

पैशाची मदत

इथे प्रेमाइतकीच शिस्त लागते. पौलाने यरुशलेमच्या गरजूंसाठी गोळा झालेलं दान एकट्याने नेलं नाही. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली (२ करिंथकर ८). म्हणून: अर्पण मोजायला नेहमी दोघे, आणि ते एकाच घरातले नकोत. मदतनिधी वेगळा. मागणी तीन जणांनी पाहायची, पण सभेपुढे आकडा आणि उद्देश मांडायचा, नाव नाही. १ तीमथ्य ५ मध्ये आधी घरच्यांनी आपल्या विधवांची काळजी घ्यावी आणि मंडळीवर भार पडू देऊ नये असं म्हटलंय, म्हणजे ज्यांना खरंच कुणी नाही त्यांना पुरेल. तेव्हा घरच्यांचा आधार आहे का, हे अवघड वाटलं तरी विचारावं.

सभासदांनी एकमेकांना खासगी उसने पैसे देणं मी टाळायला सांगतो. परत आले नाहीत, की पैशाबरोबर नातंही जातं आणि दोघांपैकी एक जण उपासनेला येणं सोडतो. द्यायचंच तर दान म्हणून द्या, परत येण्याची अपेक्षा न ठेवता.

आणि हे काम लहान समजू नका. इ.स. २५१च्या सुमारास रोमचे बिशप कर्नेलियस यांनी एका पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद लिहिली. तिच्यात ४६ वडील आणि ७ डीकन होते, आणि मंडळी पोसत असलेल्या विधवा व गरजूंची संख्या पंधराशेहून अधिक होती. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळातली ही मंडळी, आणि तिला आपल्या गरजूंचा आकडा ठाऊक होता. तुमच्या मंडळीला आहे का?

जिथे मंडळी पुरी पडणार नाही

घरात मारहाण होत असेल, मुलावर अत्याचाराचा संशय असेल, कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर पाळी लावून भागत नाही. डॉक्टर, समुपदेशक, पोलीस, जिथे जायला हवं तिथे त्याच दिवशी जा, आणि मंडळी सोबत राहो. अशा वेळी “घरातली गोष्ट घरात ठेवा” किंवा “क्षमा कर आणि परत जा” असं सांगणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा धोक्यात ढकलणं आहे. गुप्ततेचं वचन देतानाच सांगा की जिवाचा प्रश्न असेल तर मी गप्प बसणार नाही. मुलांच्या कोणत्याही वर्गात दोन मोठी माणसं हवीतच, ती कितीही ओळखीची असोत.

पाळकाला कोण विचारतं?

अमालेकी टोळीशी लढाई चालू असताना, वर उचलून धरलेले मोशेचे हात जड झाले, तेव्हा त्याचे साथीदार अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा दिला, मग दोन्ही बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. आधी बसायला जागा, मग आधार, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाळकाच्या घरी कुणी आजारी पडलं तर कोण जातं? त्यांना आठवड्यातला एक दिवस खरोखर सुटीचा मिळतो का, की त्या दिवशीही फोन येतात? दोन वडिलांनी तीन महिन्यांतून एकदा त्यांच्याकडे जाऊन एवढंच विचारावं: “तुमच्या यादीतलं काय आम्ही घेऊ?” पाळकांनीही “काही नाही, सगळं ठीक” म्हणून त्यांना परत पाठवू नये. तुम्ही मागितलंच नाही, तर मंडळी मागायला कुणाकडून शिकणार?

घेणाऱ्यालाही काम द्या

बराच काळ मदत घेणारा माणूस हळूहळू मागच्या रांगेत सरकतो. आपण फक्त घेतोय ही भावना त्याला खात असते. त्याला “तुम्ही फक्त विश्रांती घ्या” असं सतत सांगू नका. अंथरुणाला खिळलेली बाई न आलेल्यांना फोन करू शकते. डोळ्यांनी अधू झालेले आजोबा दर शुक्रवारी एका तरुणाचं ऐकून घेऊ शकतात. १ करिंथकर १२ मध्ये शरीराचे जे अवयव अधिक अशक्त वाटतात तेच अत्यावश्यक असतात असं पौल म्हणतो, तेव्हा हे काम त्यांचं मन रमवण्यासाठी काढलेलं नसावं. ते वहीत लिहा, त्यालाही मुदत द्या, आणि चौथ्या रकान्यात त्यांचा जोडीदार कोण तेही लिहा.